सवलत रविवारी संपतेय, काम नाही

*नमस्कार,*

*मी माहितीपट आणि लघुपटांसाठी पार्श्वसंगीत करते. एबलटन लाइव्ह १० स्टँडर्ड हे संगीत रेकॉर्ड करायचं आणि रचायचं सॉफ्टवेअर, विंडोज लॅपटॉप आणि त्याला जोडलेला एक जादा मॉनिटर, एवढा माझा संसार. लाइव्ह १० आलं तेव्हापासून त्याच्यावरच आहे. अडत काहीच नाही. पण लाइव्ह १२चे व्हिडिओ बघितल्यापासून माझी स्क्रीन मला कळकट दिसायला लागलीय. त्यात अरेंजमेंटच्या, म्हणजे वेळेनुसार मांडलेल्या ट्रॅकच्या, खालीच आवाजाच्या पातळ्या जुळवायचा मिक्सर दिसतो. माझ्याकडे त्यासाठी दर वेळी टॅब दाबून सेशन व्ह्यू या दुसऱ्या पडद्यावर जावं लागतं, आणि दिवसभरात असं किती वेळा होतं त्याला गणतीच नाही. रात्री अक्षरं वाचताना डोळे दुखतात ते वेगळंच.*

*अपग्रेडवर सवलत आहे, ती रविवारी संपते. चालू माहितीपट तीन आठवड्यांनी द्यायचाय. त्यात दोन गायिका आहेत. प्रत्येकीचे सहा-सात टेक (एकाच गाण्याची वेगवेगळी रेकॉर्डिंग) वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवून मी कापून जोडतेय, त्यामुळे प्रोजेक्ट आधीच अगडबंब झालंय. एक मित्र म्हणतो, पैसे घालतेच आहेस तर लॉजिक घे, देखणं आहे आणि अपडेट फुकट. दुसरा म्हणतो एफएल स्टुडिओ घे, तिथे आयुष्यभर फुकट. नवरा म्हणतो, नुसत्या दिसण्यासाठी कोणी पैसे घालतं का? मलाही मनातून तसंच वाटतं आणि लाज वाटते. काय करू?*

*— टॅब दाबून दमलेली*

ताई,

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. अपग्रेड करा. पण ज्या कारणासाठी करायला निघालात त्यासाठी नको, आणि चालू माहितीपटावर तर अजिबात नको.

पत्रात तुम्ही तक्रारी मांडल्यात त्या कळकट स्क्रीनच्या, टॅबच्या आणि डोळ्यांच्या. खरी तक्रार मात्र जाता जाता सांगून मोकळ्या झालात, तीही तक्रार म्हणून नव्हे. गायिकांचे सहा-सात टेक वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवून कापणं. हे काम इतकं अंगवळणी पडलंय की त्यात त्रास आहे हेच तुम्हाला जाणवेनासं झालंय. इंटरफेसच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या पडद्यावरच्या मांडणीच्या, बाबतीत हे हमखास होतं. जी गैरसोय डोळ्यांना खुपते तिच्याबद्दल आपण बोलतो, आणि जी हातांनी मुकाट्याने स्वीकारली ती कुणाला सांगतही नाही. वेळ मात्र दुसरीच जास्त खाते.

आता तुम्ही काय करता ते बघा. एका गायिकेचे सात ट्रॅक. पहिल्या ओळीचा तिसरा टेक बरा, दुसऱ्या ओळीचा पाचवा. मग पाचव्या ट्रॅकवरचा तुकडा कापायचा, बाकीचे म्यूट करायचे, ऐकायचं, सांध्यावर श्वास तुटला की पुन्हा कापायचं. लाइव्हमध्ये क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरत दुसरा उमटणं, एकाच ट्रॅकवरच्या लागून असलेल्या क्लिपमध्ये होतो, त्यामुळे सांधा गुळगुळीत करायचा तर तुकडे शेवटी एका ट्रॅकवर ओढून आणावेच लागतात. मध्येच दिग्दर्शक म्हणाला की दुसऱ्या ओळीचा आधीचाच टेक बरा होता, की मूळ रेकॉर्डिंग शोधत बसा.

लाइव्ह ११मध्ये, म्हणजे २०२१ साली, यासाठी टेक लेन आल्या. एकाच जागी पुन्हा रेकॉर्ड केलं की नवा टेक त्याच ट्रॅकखाली वेगळ्या लेनमध्ये जाऊन बसतो. लूप लावून रेकॉर्ड केलं तर प्रत्येक फेरीची एकेक लेन होते. ट्रॅकवर राइट-क्लिक करून लेन उघडायच्या, ‘बी’ दाबून पेन्सिल घ्यायची आणि जो तुकडा हवा त्याच्यावरून ती फिरवायची. तो तुकडा वर मुख्य लेनमध्ये येतो. मत बदललं तर दुसऱ्या लेनवरून फिरवा. मूळ टेक जागचे हलत नाहीत. सात ट्रॅकचा एक ट्रॅक होतो, त्यावर आवाज घडवणारे ईक्यू आणि कॉम्प्रेसर हे इफेक्टही एकेकच. शिवाय एकच गायिका दोन माइकवर रेकॉर्ड केली असेल तर ट्रॅक एकमेकांना जोडून ठेवता येतात, म्हणजे एकावर केलेली काटछाट दुसऱ्यावरही होते. तुमच्यासारख्या कामात पैसे देण्यासारखं कारण हे आहे. जाहिरातीच्या व्हिडिओत ते येत नाही, कारण १२च्या दृष्टीने ती आता जुनी गोष्ट झाली. एक आवृत्ती ओलांडून उडी मारणाऱ्यांचं असं नेहमी होतं. हातात येणारी सगळ्यात कामाची वस्तू बहुधा मधल्या आवृत्तीतली असते आणि तिची जाहिरात कधीच थांबलेली असते. म्हणून बाराच्या यादीआधी अकराची यादी वाचा.

टॅबचं दुखणं मात्र तुम्ही आज फुकटात घालवू शकता. जादा मॉनिटर आहेच. लाइव्ह १०मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि डब्ल्यू एकत्र दाबा, दुसरी विंडो उघडेल. एका स्क्रीनवर अरेंजमेंट, दुसऱ्यावर सेशनचा पूर्ण मिक्सर. ही सोय लाइव्ह ९पासून आहे आणि अनेकांना माहीत नाही. बाहेरगावी नुसत्या लॅपटॉपवर काम करताना ती मिळणार नाही, तेव्हा १२चा खालचा मिक्सर खरंच बरा पडेल. पण घरच्या टेबलावर त्याच्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

डोळ्यांचंही तसंच. प्रेफरन्सेसमध्ये लुक-फील म्हणून पान आहे, तिथे झूम वाढवा आणि थीम बदलून बघा. लोक पहिल्या दिवशी एकदा हे पान उघडतात आणि नंतर मॉनिटर बदलला, चष्म्याचा नंबर वाढला, तरी तिकडे फिरकत नाहीत. रात्रीच्या कामाला काळीकुट्ट थीम घ्यायची असा एक समज आहे. मला तो पटत नाही. गडद पार्श्वभूमीवर बारीक करडी अक्षरं वाचायला डोळ्यांना जास्तच ताण पडतो, मधल्या राखाडी थीमवर तीच अक्षरं सहज लागतात. चार दिवस वापरून तुमचं तुम्ही ठरवा.

आता लाजेबद्दल. दिसण्याला किंमत नसते हे मला मान्य नाही. ज्या स्क्रीनसमोर माणूस दिवसाचे आठ-दहा तास बसतो ती बघवत नसेल तर काम टाळलं जातं, आणि टाळलेलं काम कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये होत नाही. फक्त देखणेपणा आणि सोय या दोन गोष्टींची गल्लत करू नका. लाकडी कडा, चमकणारे नॉब, जुन्या यंत्रासारखी थरथरणारी सुई असलेलं प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, बघायला छान वाटतं. पण खरा नॉब बोटांनी फिरतो. स्क्रीनवरचा नॉब आपण माउस वर-खाली ओढून फिरवतो, आणि नेमका आकडा वाचायचा तर सुईपेक्षा साधी संख्या बरी. उलट, सगळं सपाट आणि मोकळं केलेलं नवं डिझाइनही सोयीचं असतंच असं नाही. मोकळी जागा सोडायची तर काहीतरी मेनूच्या आत ढकलावं लागतं, आणि ते नेमकं तुमच्या रोजच्या वापराचं बटण निघू शकतं.

डिझाइन पारखायचं तर मी एक साधी कसोटी लावतो. नव्या इंटरफेसमध्ये एखादी गोष्ट *सापडत नाही* म्हणून वेळ जातो, की सापडूनही ती *लांब पडते* म्हणून? पहिलं दुखणं आपोआप बरं होतं. नवी चप्पल चार दिवस चावतेच. दुसरं कधीच बरं होत नाही. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली प्रयोगांतून मांडलं होतं की लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका हात तिथे पोचायला वेळ लागतो. माउस यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, पण माउसलाही तंतोतंत लागू पडते. आधी एका क्लिकवर असलेलं काम नव्या आवृत्तीत तीन क्लिकवर गेलं असेल तर दोन वर्षांनीही ते तीनच क्लिक घेणार. तेवढ्यासाठी कीबोर्डचा शॉर्टकट असेल तर वाचलात, नसेल तर ती आवृत्ती तुमच्यासाठी महाग आहे, मग ती फुकट का मिळेना.

हे मोजायचं कसं? आपल्या आठवणीवर विसंबू नका, तुमची तर टेक कापण्याची कटकट आठवणीतून पार निसटली होती. चालू प्रोजेक्टवर काम करताना एक तास स्क्रीन रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ते दुप्पट वेगाने बघा. आवाज बंद ठेवा, नाहीतर संगीतातच गुंताल. नजर फक्त माउसच्या बाणावर ठेवायची. कुठे तो वारंवार जातो, कुठे थबकतो, कुठे एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतो. मला वाटतं, तुम्हाला मिक्सरकडच्या फेऱ्या दिसतील, पण त्याहून जास्त वेळ म्यूट-अनम्यूट आणि तुकडे ओढण्यात गेलेला दिसेल. आणि बहुधा शिफ्ट-टॅबसुद्धा. दहामध्ये खाली एक तर क्लिप दिसते, नाहीतर इफेक्टची साखळी. बारामध्ये दोन्ही एकावर एक उघडी ठेवता येतात. नोट्स बदलता बदलता इफेक्ट हलवायची तुम्हाला सवय असेल तर हे तुम्हाला मिक्सरपेक्षा जास्त आवडेल. बारामध्ये आणखी एक गोष्ट झाली जिचा गाजावाजा कमी झाला: कीबोर्डने सगळीकडे फिरता येणं आणि स्क्रीन रीडरची साथ. दृष्टिहीन संगीतकारांसाठी हा इतर कुठल्याही नव्या इफेक्टपेक्षा मोठा बदल आहे.

मित्रांकडे येऊ. लॉजिकची गोष्ट तुमच्यापुरती एका वाक्यात संपते. ते विंडोजवर चालत नाही. पूर्वी चालायचं. २००२ साली ॲपलने एमॅजिक ही लॉजिकची मूळ कंपनी घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली. मित्राचं म्हणणं मात्र खोटं नाही, २०१३ साली लॉजिक प्रो टेन घेतलेल्यांना २०२४चं लॉजिक प्रो ११सुद्धा वेगळे पैसे न देता मिळालं. फक्त त्या फुकटला एक शेपूट आहे: नवी आवृत्ती नवी मॅकओएस मागते, आणि नवी मॅकओएस कधीतरी नवा मॅक मागते. तुम्हाला तर पहिल्या दिवसापासूनच मॅक घ्यावा लागेल.

एफएल स्टुडिओचे आयुष्यभराचे अपडेट खरेच आहेत, आणि मला ते धोरण मनापासून आवडतं. पण त्या सॉफ्टवेअरचा जन्म फ्रूटीलूप्स नावाने स्टेप सिक्वेन्सर, म्हणजे चौकटी भरून ताल रचायचं साधन, म्हणून झाला आणि आजही त्याची विचार करण्याची रीत पॅटर्नची आहे. ताल रचणाऱ्याला ते घर वाटतं. गायिकेचे टेक घेणाऱ्याला तसं वाटेलच असं नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण या सॉफ्टवेअरचे इंटरफेस म्हणजे एकाच वस्तूची वेगवेगळी वेष्टनं नव्हेत. १९८९ साली अटारी संगणकावर आलेल्या क्यूबेसने ट्रॅक एकाखाली एक आणि वेळ डावीकडून उजवीकडे अशी मांडणी रुळवली, ती आज जवळपास सगळीकडे दिसते. प्रो टूल्सने एडिट आणि मिक्स अशा दोन विंडो ठेवल्या, म्हणजे टेप आणि कन्सोल असलेल्या स्टुडिओतली माणसं बिचकली नाहीत. २००१ साली लाइव्ह आलं ते क्लिपची जाळी घेऊन, रंगमंचावर कुठलाही तुकडा कधीही सुरू करता यावा म्हणून. प्रत्येक मांडणीत संगीत कसं रचलं जातं याची एकेक कल्पना बसलेली आहे. सॉफ्टवेअर बदललं की ती कल्पना बदलते, आणि ती हातात मुरायला काही महिने जातात. तुमच्या हातांना लाइव्हमध्ये जे येतं त्याची किंमत कुठल्याही सवलतीपेक्षा मोठी आहे. लाइव्हची रीतच तुम्हाला पटेनाशी झाली असती तर मी उलटा सल्ला दिला असता. पत्रात तसं कुठेच दिसत नाही.

जाता जाता: रूप बदलण्याचीच हौस असेल तर रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघा. त्याची थीम बदलली की सॉफ्टवेअर ओळखू येत नाही, आणि मेनूपासून शॉर्टकटपर्यंत सगळं आपल्या मनासारखं लावता येतं. त्यात एक धोकाही आहे. सजवण्यात आठवडे जातात आणि संगीत तिथेच राहतं.

आता रविवार. विकत घेणं आणि कामाला लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्या तारखाही वेगळ्या असू शकतात. सवलती पुन्हा येतात, त्यामुळे ही हुकली तर आभाळ कोसळणार नाही. पण जमलं तर शनिवारची संध्याकाळ काढा. लाइव्ह १२ची ३० दिवसांची ट्रायल मिळते, तिच्यात सेव्ह आणि एक्स्पोर्ट दोन्ही होतं. लाइव्ह १०च्या शेजारी ती बिनधास्त राहते, १० काढून टाकू नका. ट्रायल सूट या सगळ्यात मोठ्या आवृत्तीची असते हे लक्षात ठेवा. रोर आणि मेल्डसारखी त्यातली काही वाद्यं आणि इफेक्ट सूटमध्येच येतात, त्यांच्यावर जीव जडला तर स्टँडर्डचं अपग्रेड घेतल्यावर हिरमोड होईल. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे बघूच नका.

त्याऐवजी एखादा जुना, देऊन झालेला प्रोजेक्ट घ्या. दहामध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ करा (म्हणजे लागणाऱ्या सगळ्या फाइल एका फोल्डरात येतात), पूर्ण फोल्डरची प्रत काढा आणि ती प्रत बारामध्ये उघडा. सगळी प्लगइन सापडतात का, सीपीयूचा आकडा आधीइतकाच राहतो का, माइकसमोर गुणगुणल्यावर आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत नाही ना, हे बघा. मग तोच मिक्स दोन्हींतून एक्स्पोर्ट करा, दोन्ही फाइल एका रिकाम्या सेटमध्ये (लाइव्हची प्रोजेक्ट फाइल) शेजारी ठेवा आणि एकीवर लाइव्हमधलं युटिलिटी हे साधन टाकून दोन्ही चॅनेलचा फेज उलटा करा, म्हणजे सारख्या लहरी एकमेकींना खोडतील. एकत्र वाजवल्यावर शांतता आली तर दोन्ही मिक्स एकच आहेत. थोडं काही ऐकू आलं तर लगेच घाबरू नका. कोरस, काही रिव्हर्ब असे इफेक्ट प्रत्येक वेळी थोडे वेगळे वाजतात. पण गाणं किंवा बेस स्पष्ट ऐकू आला तर कुठलं तरी प्लगइन वेगळं वागतंय, ते शोधून काढा. शेवटचा अर्धा तास टेक लेनना द्या, स्वतःच्याच आवाजाचे चार टेक घेऊन. हात रमला आणि लॅपटॉप दमला नाही तर रविवारी घेऊन टाका. लॅपटॉप दमला तर तेच पैसे मेमरीला किंवा एसएसडीला घाला, टेक लेन पुढच्या सवलतीपर्यंत थांबतील.

चालू माहितीपट दहामध्येच पुरा करा. तिथे तसाही फायदा नाही, तुमचे सात ट्रॅक बारामध्ये उघडल्याने आपोआप लेन होत नाहीत. हातात आहेत ते तीन आठवडे जुन्या रीतीने, पण दुसऱ्या विंडोतल्या मिक्सरसह. काम दिल्यावर सगळ्या ट्रॅकच्या वेगवेगळ्या वेव्ह (आवाजाच्या) फाइल एक्स्पोर्ट करून प्रोजेक्टजवळ ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी दिग्दर्शकाने नवी आवृत्ती मागितली तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये काम होईल. सॉफ्टवेअर टिकेलच असा भरवसा कुणी देऊ नये. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये गिब्सन कंपनीने केकवॉकच्या संगीत सॉफ्टवेअरचा विकास थांबवला, तेव्हा त्यातलं सोनार वापरणारे एका रात्रीत अधांतरी झाले होते. काही महिन्यांनी बँडलॅब या कंपनीने ते उचललं, पण ते महिने ज्यांचे गेले त्यांचे गेलेच.

आणि एक शेवटचं, कारण शनिवारी नेमकं हेच होईल. बारा टाकल्यावर विंडोजवर प्रोजेक्टच्या फाइलवर डबल-क्लिक केलं की ती बहुधा बारामध्ये उघडते. सवयीने सेव्ह दाबलं की तो सेट दहामध्ये पुन्हा उघडत नाही. तेव्हा माहितीपट संपेपर्यंत फाइलवर डबल-क्लिक करायचं नाही. आधी लाइव्ह १० उघडायचं, मग त्याच्या फाइल मेनूतून प्रोजेक्ट. आणि फोल्डरची एक प्रत आजच दुसऱ्या डिस्कवर टाका.